देवी झोपते तेव्हा

दसऱ्याला घट उठला की आमच्या घरची देवी झोपायची. जेवणं आटोपली, पुरणाचं पातेलं घासायला पडलं, की आई देव्हाऱ्यातला देवीचा चांदीचा टाक दोन्ही हातांनी उचलायची, हिरव्या खणाच्या घडीवर आडवा ठेवायची आणि वरून आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा पांघरायची. तुळजापूरची आई दसऱ्यानंतर पलंगावर निजते ती कोजागिरीलाच उठते; आमची देवी तिचीच, तेव्हा हिचाही नेम तोच. तेवढ्या दिवसांत घरात घंटा वाजायची नाही, आरती व्हायची नाही, आणि मुख्य म्हणजे देवीकडे काही मागायचं नाही. मार्क नाहीत, पाऊस नाही, अण्णांची बदली नाही. ‘नऊ दिवस उभ्यानं लढलीय ती. आता पडू द्या तिला गुमान,’ आई म्हणायची, आणि आम्ही खरंच कुजबुजत बोलायचो. लग्नानंतर नांदेडला सासरी पहिल्याच दसऱ्याला संध्याकाळी दणक्यात आरती सुरू झाली, तेव्हा मी इतकी दचकले की हातातलं निरांजन सुटता सुटता राहिलं. तिथल्या बायका मला हसल्या. मला मात्र त्यांचंच नवल वाटलं. नऊ दिवस राबलेल्या बाईला यांच्याकडे एक डुलकीसुद्धा मिळत नाही!

आमचं घर लातूरच्या जुन्या वस्तीत, गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोन खोल्या, पुढे लांबट अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि झाडाच्या पलीकडे पत्र्याचं शेड. त्या शेडमध्ये आईची खानावळ चालायची. खानावळ आम्ही म्हणायचो, पोरं मेस म्हणायची. बारावीला लातूरची पोरं बोर्डात झळकायला लागली आणि बघता बघता सगळ्या मराठवाड्यातून पेट्या, वळकट्या आणि बादल्या घेऊन पोरं आमच्या गावात उतरायला लागली. ज्याच्या घरात म्हणून एक जादा खोली होती, त्यानं ती भाड्यानं दिली. ज्याला म्हणून फळ्यावर खडू धरता येत होता, त्यानं क्लास काढला. आणि माझ्या आईनं चूल मोठी केली. कंधारचं पोरगं, हदगावचं पोरगं, पार सहस्रकुंडाजवळच्या इस्लापूरचं पोरगं, सगळी आमच्या शेडमध्ये मांडी घालून बसायची. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, रविवारी धपाटी आणि दही. हदगावचा दत्ता पहिल्या दिवशी येसराची आमटी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला होता, ‘मावशी, हे काय खाऊन राहिलो मी?’ आई म्हणाली, ‘खा गपचिप. डोकं उघडतंय त्यानं.’ त्याचं डोकं उघडलं की नाही ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं दोनदा वाढून घेतली.

त्या शेडचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चाळीसएक स्टीलची ताटं एकावर एक पडायची, वाट्या घरंगळायच्या, कुणीतरी तोंडात घास असतानाच रसायनाची समीकरणं पाठ म्हणायचं, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. मीही तेव्हा बारावीलाच होते. पोरं जेवायला बसली की भाकरी वाढता वाढता मी त्यांना गणितं विचारायची आणि त्यांना आली नाहीत की तोंडावर हसायची. घरची पोरगी म्हणून कुणी उलटून बोलत नसे, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. स्वभाव माझा तेव्हापासूनच असा आहे. माझे विद्यार्थी आजही मागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

तेव्हाच तो भूकंप झाला. गणपती बोळवून लोक दमून निजले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात आमच्या भिंतीला तडे गेले, फळीवरचे डबे खाली आले, एवढंच. पण आईचं माहेर तेरणेकाठी, किल्लारीच्या बाजूचं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी तिथली घरं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि आईला त्याचा केवढा अभिमान! आम्हा पत्र्याखालच्या लोकांची ती कीव करायची. त्या पहाटे तेच धाबं माझ्या मामावर आणि त्याच्या दोन लेकरांवर आलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. त्या दिवसांत त्यांची गाडी मदतीचं सामान घेऊन त्या गावांकडे जायची. सुतक फिटल्यावर एका दुपारी ते परत आले तेव्हा कंडक्टरच्या सीटवर माझी केशरमामी बसलेली होती. तिच्या हातात काही नव्हतं. अंगावरचं लुगडंसुद्धा कुणीतरी वाटपात दिलेलं, तिच्या उंचीला आखूड. अण्णा मुळात कमी बोलायचे. त्यांनी आईला एवढंच सांगितलं, ‘हिला तिथं एकटी ठेवू वाटलं न्हाई.’ आईनं तिला जवळ घेतलं. आईचा पाठचा एकुलता भाऊ गेला होता आणि मामीचं सगळंच. मग आई म्हणाली, ‘चल, हातपाय धू. भाकरी करायच्यात,’ आणि तिला चुलीपुढे घेऊन गेली.

मामी भाकरी थापायची, भांडी घासायची, विचारलं तर उत्तर द्यायची. झोपायची मात्र नाही. त्या महिन्यात लातुरात तसं कुणीच घरात झोपत नव्हतं. गल्लीभर बाजा टाकलेल्या, ट्रक गेला की सगळे उठून बसायचे, तांब्यावर पेला आणि पेल्यावर वाटी रचून ठेवायचे, म्हणजे जमीन हलली की खळखळाट होऊन जाग येईल. पण हळूहळू माणसं घोरायला लागली. मामी लागली नाही. ती बाजेवर बसून राहायची, गुडघ्याला मिठी मारून, डोळे उघडे. दिवसा बसल्या जागी मान कलली तरी चटका बसल्यासारखी ताठ व्हायची आणि आजूबाजूची माणसं मोजून बघायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यानं डोळा लागायचा, पण घटकाभरात ती ओरडत उठायची. मग तिनं त्या घ्यायच्याच बंद केल्या. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हिचं डोकं शाबूत राहणार नाही, जीवही राहणार नाही. शेजारपाजारचे एका देवऋष्याचं नाव सुचवायला लागले. आईनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

ती का झोपत नाही हे मला आधी कळलं. एका सकाळी आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. मी सहज म्हटलं, ‘मामी, थोडं पडा की. मी बसते.’ तिनं माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. त्यांच्याकडे वर्षभर आधीपासून जमीन गुरगुरायची. लोक घाबरून बाहेर निजायचे, मग कंटाळून परत आत जायचे. मामानं घरात एक रीत घातली होती: सगळ्यांनी आत निजायचं, पण एकानं दाराशी बसून राखण करायची. आवाज आला की हाका मारायच्या. पाळीपाळीनं. कित्येक महिने दोघांनी ती रीत पाळली.

‘त्या दिशी गणपतीपुढं लई नाचली पोरं. मी बी दमले व्हते,’ मामी म्हणाली. ‘पाळी माझी व्हती, सुमे. दाराच्या चौकटीला टेकून बसले आन् डोळा लागला. चौकट उभी राहिली. मी चौकटीत. बाकी समदं आत.’

मी शेंगा फोडायची थांबले. मामी थांबली नाही. ‘मी जागी असते तर हाक मारली असती,’ एवढंच ती पुढे म्हणाली, आणि मोकळी टरफलं गोळा करायला लागली. मी आईला सांगितलं. आईनं ऐकलं आणि पदरानं चुलीवरचं तवलं खाली उतरवलं.

अशात नवरात्र आलं. घट बसवायचे की नाही यावर घरात चर्चा झाली नाही. ते बसवायचेच होते. प्रश्न एवढाच, की कुठे. तडे गेलेल्या भिंतीखाली देव्हाऱ्यात बसायला कुणी धजत नव्हतं. आई म्हणाली, ‘माणसं बाहेर आन् देवी आत, असं कसं? ती बी येईल की बाहेर.’ आणि तिनं देवीला शेडमध्ये आणलं. जिथे पोरं जेवायची त्याच्याच एका कोपऱ्यात चौरंग मांडला. पोरांनी शेड धुतलं. आमच्या शेतातली काळी माती अण्णांनी एसटीतून आणली, पत्रावळीवर पसरली, आईनं त्यात गहू, ज्वारी, जवस मिसळून पेरले, मध्ये घट ठेवला, वर फुलांची पहिली माळ सोडली. आणि अखंड दिवा लावला. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. दरवर्षी आई आणि मी आळीपाळीनं त्याच्यावर लक्ष ठेवायचो आणि आमची भांडणं व्हायची. त्या वर्षी आईनं तेलाची बुधली उचलली आणि मामीच्या हातात दिली. ‘तू जागीच अस्तीस. दिवा तुझ्याकडं.’

नवरात्रासाठी आलेल्या आत्याबाईंनी, अण्णांच्या बहिणीनं, भुवया उंचावल्या. ज्या बाईचं असं झालंय तिच्या हाती अखंड दिवा, असं काहीतरी त्या बोलणार होत्या. आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. माझ्या आईचं ते बघणं ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मामीनं तो दिवा असा राखला की काय सांगू. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा तुकडा लावला, वात सरकवायला केळीच्या सालपटाची काडी केली, तेल थेंबभरही खाली सांडू दिलं नाही. सकाळी संबळ वाजवत आराधी यायचे, बायका परडी घेऊन जोगवा मागायच्या, गल्लीतून तुळजापूरला चालत निघालेली माणसं जायची, दुपारी पोरांची ताटं आदळायची. या सगळ्यात मामी दिव्याशी. पोरांना तिची सवय झाली. जेवायच्या आधी आपापल्या चपला लांब काढून दिव्याला हात जोडायची आणि मग तिला विचारायची, ‘ठीक हाय का, मामी?’ कंधारचा सलीम, शिंप्याचा मुलगा, तोही विचारायचा. त्यानं तर घरून येताना मखमलीची उरलेली चिंधी आणली आणि चौरंगाला झालर शिवून दिली. पंचमीला आईनं कडाकण्या केल्या आणि घटावर फुलोरा टांगला. माती फोडून अंकुर वर आले, पिवळे-पांढरे, दाट. मामी त्यांच्याकडे टक लावून बघायची. तिला काहीतरी राखायला मिळालं होतं, आणि ते तिच्या देखत वाढत होतं. मला वाटलं, आता हिचं सुधारणार. पण ती झोपतच नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि चालताना तोल जायचा.

दसऱ्याच्या दिवशी क्लासला सुट्टी नव्हती. भूकंपानं बुडालेला अभ्यास भरून काढायला सर लोक मैदानात मांडव घालून, माइकवरून शिकवत होते. तरी दुपारी पोरं आपट्याची पानं घेऊन आली. आईनं घट हलवला. अंकुर उपटून आधी देवीला, मग एकेकाला दिले. टोपी कुणालाच नव्हती, तेव्हा सगळ्यांनी ते कानावर खोचले. चाळीस पोरं कानांवर पिवळे तुरे लावून पुरणपोळी खायला बसली. आता आमच्याकडे घट उठल्यावर दिवा फुंकत नाहीत. त्याला तेल घालायचं थांबवतात. तो आपला आपण शांत होतो, मग देवीला निजवायचं. आई म्हणाली, ‘केशर, आता तेल बास.’

मामीनं बुधली उचलली आणि दिव्यात तेल ओतलं.

आईला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मामीनं पुन्हा तेल ओतलं, इतकं की ते समईवरून ओघळून चौरंगावर, सलीमच्या झालरीवर आलं. ‘न्हाई अक्का. दिवा जायचा न्हाई,’ ती म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, ‘अगं, घट हलला. आता ठेवायचा नसतोय तो.’ तशी मामी दिव्याच्या आडवी बसली, दोन्ही हात पसरून. ‘मी न्हाई झोपले! नऊ दिस मी झोपले न्हाई! मी जागी असताना का घालवताव?’ पोरांचे घास हातातच राहिले. आत्याबाई हळूच म्हणाल्या, आता हिला दवाखान्यातच न्यावं लागणार. अण्णा उठून उभे राहिले. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली, तेवढी जमीन हलली तेव्हाही वाटली नव्हती. मामी आमच्या हातून चालली आहे हे मला दिसत होतं.

आईनं तिचा हात धरला नाही, बुधली हिसकावली नाही. ती पुरणाच्या हातानंच मामीसमोर जमिनीवर बसली आणि गोष्ट सांगायला लागली. आवाज नेहमीचा, आम्हाला लहानपणी सांगायची तसाच.

‘नऊ दिस लढली ती म्हैसासुरासंगं. उभ्यानं. खाणं न्हाई, पिणं न्हाई. धाव्या दिशी त्याला मारला आन् तिचे पाय गेले. देव आले समदे फुलं घेऊन, वाजतगाजत. ती म्हणली, ते ऱ्हाऊ द्या, मला पडू द्या आधी. देव घाबरले. म्हणले, आई, तू झोपलीस तर जग कोण राखणार? तेवढ्यात दुसरा कोण आला म्हंजी?’ आई मामीच्या आणखी जवळ सरकली. ‘तर ती म्हणली, ज्यांला मी राखलं ती माणसं राखतील की. मी काय एकटीच हाय का?’

मामी ऐकत होती. हात अजून पसरलेलेच.

‘केशर, देवीला बी झोप लागती,’ आई म्हणाली. ‘ती झोपती म्हणून कुणी तिला बोल लावतंय का? उलट आपण पांघरूण घालताव. आन् तू तर माणूस. जमीन तू हलवली न्हाईस. तुझा डोळा लागला, तो दमल्यामुळं लागला. माझा भाऊ व्हता तो. मी त्याची थोरली बहीण, मी सांगायलेय तुला.’

ही गोष्ट मी पुढे पुष्कळ शोधली. पोथ्या चाळल्या, तुळजापूरच्या एका जाणत्या पुजाऱ्यांना विचारलं. देवीच्या निद्रेची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण देवांनी हा प्रश्न विचारला आणि देवीनं हे उत्तर दिलं, असं कुठेही नाही. माझी खात्री आहे की आईनं ते तिथेच, पुरणाच्या हातानं, रचलं. चौथी शिकलेली माझी आई! मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले, चांगली शिकवते असं लोक म्हणतात. पण वेळेला असं नेमकं वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. तिची मुलगी असण्याचा मला जेवढा गर्व आहे, तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही, आणि तो लपवावा असंही मला वाटत नाही.

मामी बारीक आवाजात म्हणाली, ‘मग राखण कोण करंल?’

आई उत्तर देणार एवढ्यात पंगतीतून हदगावचा दत्ता बोलला. ‘आम्ही करतो की. आम्ही तसंही रातभर जागूनच राहिलो, मामी. अभ्यास कुठं संपून राहिला?’ लगेच इस्लापूरचं पोरगं म्हणालं, पहिली पाळी माझी. मग सगळेच बोलायला लागले. ‘मी तर दोन पाळ्या करतो,’ सलीम म्हणाला, ‘मला झोपच येत न्हाई. घरी अम्मी म्हणती, ह्याला घुबडाचं दूध पाजलंय.’ इतक्या सगळ्या प्रकारात मामीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तिनं पंगतीकडे नीट बघितलं. कानांवर तुरे, हातांत पुरण, डोळे सगळ्यांचे तिच्याकडे. रात्रभर दिवे लावून जागणारी पोरं म्हणून लातूरच्या नावानं जे बोललं जायचं, ते त्या दिवशी कुणाच्या तरी कामाला आलं.

दिवा शांत व्हायला बराच वेळ लागला, तेल फार झालं होतं ना. सगळे तिथेच थांबले. वात बारीक झाली, निळी झाली आणि गेली. मामीनं बुधलीला बूच लावलं. आईनं टाक निजवला, पांघरूण घातलं. मग लिंबाखालच्या बाजेवर गोधडी टाकली आणि मामीला आडवं केलं. बाजेच्या पायथ्याशी खुर्ची टाकून इस्लापूरचं पोरगं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसलं, पाठ अशी ताठ की जणू परीक्षाच चाललीय.

मामी एकदम झोपली नाही. डोळे मिटायची, उघडायची, खुर्चीकडे बघायची. पोरगं हात वर करून दाखवायचं. ती पुन्हा डोळे मिटायची. उन्हं उतरली तेव्हा खुर्चीत दत्ता होता. तिनं मान वळवून बघितलं, तो कुजबुजला, ‘जागा हाय, मामी.’ त्यानंतर ती उठली नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिची मूठ सैल झाली आणि तोंड थोडं उघडलं. मी धावत आईकडे गेले. आई म्हणाली, ‘दिसलं मला. ताटं काढू नकोस.’

त्या संध्याकाळी चाळीस पोरं आमच्या शेडमध्ये पत्रावळीवर जेवली. स्टीलचं एक भांडं बाहेर आलं नाही. आमटी द्रोणात, पाणी मातीच्या पेल्यांत. कुणी काही मागितलं नाही. हवं असेल त्यानं बोट दाखवायचं आणि मी वाढायची. मिरची लागून कुणाला ठसका आला तर तो तोंडात रुमाल कोंबून गल्लीच्या टोकापर्यंत पळत जायचा आणि तिथे खोकून परत यायचा. एरवी ही पोरं जेवताना शेड डोक्यावर घ्यायची, आणि आज पत्रावळीवर भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. पुढे त्यांतले कुणी डॉक्टर झाले, कुणी इंजिनियर, काही जण नापास होऊन गावी परतले आणि सोयाबीन पेरायला लागले. पेपरात फोटो आले ते पहिल्यांचे. माझ्या मनात सगळे एकाच ओळीत बसलेले आहेत, मांडी घालून, न बोलता जेवताना, आणि ते लातूरचं सगळ्यात मोठं यश होतं असं माझं ठाम मत आहे.

मी सकाळी उठले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. लिंबावर चिमण्यांनी गलका केला होता. घागर घेऊन अंगणात आले आणि जागीच उभी राहिले. पहाटेची पाळी सलीमची. तो खुर्चीत कुठला, खुर्चीतून घसरून खाली जमिनीवर, बाजेच्या पायाला डोकं टेकवून गाढ झोपला होता. पुस्तक छातीवर पालथं. आणि मामी जागी होती. बाजेवर उठून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

राखणदार झोपला! ज्याच्या भरवशावर ही झोपली, तोच. आता ही ओरडणार, पुन्हा कधी कुणावर भरवसा ठेवणार नाही, आईनं काल जे सावरलं ते सगळं गेलं. मी सलीमला हलवायला पुढे झाले.

मामीनं हात वर करून मला थांबवलं. ती बाजेवरून उतरली, अगदी हळू, बाज करकरू नये म्हणून. आपल्या अंगावरची गोधडी काढली, सलीमच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत ओढली. त्याच्या छातीवरचं पुस्तक काढून, पान मोडू न देता, बाजूला ठेवलं.

‘झोपू दे त्याला,’ ती मला म्हणाली. ‘दमलं लेकरू. दमलं की लागतीच झोप माणसाला. त्यात त्याचा काय गुन्हा?’

बोलून झालं आणि तिचा हात गोधडीवरच राहिला. आपण काय बोललो हे तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकाच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे. आई हलली नाही. मामी तिथेच जमिनीवर बसली, तोंडाला पदर न लावता, दोन्ही लेकरांची नावं घेऊन मोठमोठ्यानं रडायला लागली. भूकंपानंतर पहिल्यांदाच. गल्लीतल्या बाजा उठून बसल्या, अण्णा धावत आले, पाळ्यांसाठी रात्री शेडमध्येच राहिलेली पोरं आली.

सलीम काही उठला नाही.